दुसरी भाकरी

दुर्गाबाईंची पहिली भाकरी संपली. दुसरी हाताशीच, टोपलीत होती. पण चातुर्मासाचा नेम होता: ताटावर बसलं की मागायचं नाही, आपल्या हातानं घ्यायचंही नाही, कुणी वाढलं तरच खायचं. सासूबाई गावाकडं. पिंपरीच्या या खोलीत वाढणारे एकटे रंगराव. एकादशीपासून रोज ते काही न बोलता दुसरी भाकरी त्यांच्या ताटात ठेवत.

आज रंगराव उंबऱ्यात बसले होते, पाठ घराकडं. कारखान्यात कायम करावं म्हणून साहेबांना इंग्रजीत अर्ज द्यायचा होता. शेजारच्या कारकुनांची बहीण इंद्रायणी ओट्यावर बसून तो लिहीत होती. मॅट्रिक झालेली.

"ताई, डिमांड लिवा की. वजन पडंल."

"अहो, डिमांड म्हणजे हक्क सांगणं. कायम झालात की खुशाल करा डिमांड." ती हसली. "आत्ता रिक्वेस्ट. त्यात माणूस हात जोडून उभा असतो. द्यायचं की नाही, ते देणाऱ्यावर."

"रिक्वेस्ट," रंगराव म्हणाले.

"हळू म्हणा. साहेबाला दम देताय का?"

"रिक्वेस्ट." या खेपेला ते अगदी हळू म्हणाले.

असा आवाज दुर्गाबाईंनी लग्नाच्या चार वर्षांत ऐकला नव्हता. खरकटा हात ताटात वाळत चालला. पेला जरा वाजवला असता, तर मान वळली असती. पण तेही मागणंच.

रंगरावांची मान आपणहूनच वळली. "काय गं, भाकरी पायजे का?"

आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं. हो म्हटलं की नेम मोडला. दुर्गाबाईंनी नको म्हणून मान हलवली.

"बरं," म्हणून ते पुन्हा कागदाकडं वळले.

इंद्रायणीनं मात्र ताट पाहिलं. कागद रंगरावांच्या हाती देऊन ती आत आली, हात धुतले आणि टोपलीतली भाकरी दुर्गाबाईंच्या ताटात ठेवली.

"अर्ध्या पोटी उठू नका हो, वहिनी."

न मागता आलेलं नाकारायचं नाही, हाही नेमच. ताटात टाकायचं तर नाहीच. दुर्गाबाईंनी तुकडा मोडला.

उंबऱ्यात रंगराव एकटेच कागदाला म्हणत होते, "रिक्वेस्ट... रिक्वेस्ट..."

आवाज आता छान जमला होता.