खोचलेला स्वेटर

“बाबा, आधी तो स्वेटर पँटमधून बाहेर काढा!”

लेक दार अडवून उभी होती. बाबांनी मुकाट्याने स्वेटर बाहेर काढला. ती पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात काचेतले पुतळे सजवायची, आणि आज पुतळा म्हणून सख्खा बापच हाती लागला होता. मग काय विचारता! आकाशी शर्ट, त्यावर मोहरी रंगाचा स्वेटर, राखाडी पँट. कॉलर स्वेटरच्या आत. शर्टाचं टोक खालून डोकावता कामा नये. बाही मनगटाशी एकदाच दुमडायची, जास्त नाही.

बाबांनी आरशात पाहिलं. “किमतीची चिठ्ठी तेवढी लावायची राहिली.”

“करा चेष्टा. पण तिथे जाऊन परत खोचू नका. पुरुषाचा स्वेटर बाहेरच शोभतो.”

“अगं, पण लोंबतो ना तो!”

लोंबणं हा शब्द बाबा शिवी दिल्यासारखा उच्चारायचे. सगळं आयुष्य लेथ मशीनवर गेलेलं. कामाच्या पहिल्याच दिवशी वस्तादाने दम भरला होता, की फिरत्या मशीनसमोर अंगावर काही लोंबता कामा नये, कपड्यामागोमाग माणूसही आत जातो. तेव्हापासून शर्ट आत, स्वेटर आत, मफलरची टोकंसुद्धा आत. निवृत्तीनंतर मशीन सुटलं, खोचणं काही सुटलं नाही. लेकीच्या लग्नाच्या फोटोतही बाबा स्वेटर खोचून ऐटीत उभे होते, आणि त्यावरून ती अजून सासरी टोमणे खात होती.

आता तिला एकच ध्यास होता, बाबांचं पुन्हा लग्न जमवायचा. आई गेली, ती स्वतः सासरी गेली, आणि घरात बाबांशी बोलायला उरला फक्त रेडिओ. आधी भेटलेल्या दोघींनी ‘फारच साधे आहेत’ म्हणून नाही कळवलं होतं. आजच्या बाईंशी बाबांचं फोनवर जेमतेम दोन वाक्यं बोलणं झालं होतं. “मला ओळखाल कसं?” असं यांनी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “सगळ्यात घाबरलेला दिसेल तो तुम्ही,” आणि खळखळून हसल्या. ते हसणं बाबांच्या कानातून जाईना. मध्यस्थाने दोघांबद्दलही ‘नोकरी होती, आता निवृत्त’ एवढंच सांगितलं होतं. आज जमलं नाही तर पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं बाबांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कॉफीच्या दुकानात त्या आधीच येऊन बसल्या होत्या. अंगावर जांभळा स्वेटर, गळ्यात झुळझुळीत रुमाल, सगळं कसं चापूनचोपून. पलीकडच्या टेबलावर एक तरुण मुलगी तोंडासमोर मेनूकार्ड धरून बसली होती. ती त्यांची सून. लेकीनेही मग तिच्याशेजारचं टेबल धरून तोंडासमोर मेनूकार्ड उघडलं.

बाबा अंग चोरून बसले. जरा हललं की शर्टाचं टोक बाहेर येईल, ही धास्ती. त्या हवेबद्दल बोलल्या. बाबाही हवेबद्दल बोलले. मग हवा संपली. त्या स्वेटरकडे पाहत म्हणाल्या, “छान आहे. अगदी फॅशनमधला.” आणि फोनवरचं ते हसू काही आलं नाही. त्यांनी पर्स जवळ ओढली. बाबांनी मनात म्हटलं, गेलं, हेही गेलं.

तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने कॉफी दळायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र!

बाबांना काही कळायच्या आत त्यांचे हात कामाला लागले. स्वेटर पुढून आत, मागून आत, बाह्या कोपराच्या वर. सगळा कार्यक्रम आटोपल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. झाली फजिती! पलीकडे लेकीने कपाळाला हात लावलेला त्यांना दिसला. त्यांनी भीत भीत समोर पाहिलं.

समोरचा जांभळा स्वेटरही आता कमरेला घट्ट खोचलेला होता. बाह्या कोपराच्या वर. झुळझुळीत रुमालाची दोन्ही टोकं गळ्यातून आत गडप.

दोघंही एकमेकांकडे बघतच राहिली.

“कुठलं मशीन?” त्यांनी विचारलं.

“लेथ. तुमचं?”

“सूतगिरणी. माझ्या शेजारणीची बाही पट्ट्यात गेली होती हो. हात वाचला, नशीब.”

“आमच्याकडे एकाचा मफलर.” बाबा पुढे सरकले. “वस्ताद म्हणायचे, लोंबलास की संपलास!”

आणि त्या हसल्या. अगदी तशाच, खळखळून. काउंटरवरचा माणूस वळून बघायला लागला. मग काय, गप्पांना नुसता ऊत आला. मशीनच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय दोघांनाही, त्यामुळे मशीन बंद झालं तरी अख्खं दुकान ऐकत होतं. कॉफी गार झाली, दुसरी मागवली, तीही गार झाली. बाबांना आपण घाबरलो होतो हेच आठवेना. इतका आनंद या माणसाला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

शेवटी लेकीला राहवेना. ती टेबलापाशी आली. बोलता बोलता तिचा हात सवयीने बाबांच्या कमरेकडे गेला, खोचलेला स्वेटर बाहेर ओढायला.

“सॉरी हं काकू. घरून नीट सजवून आणलं होतं मी त्यांना.”

“म्हणून तर मी ‘नाही’ सांगून उठणार होते,” असं म्हणत त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. “राहू दे गं पोरी. आमच्या ह्यांचा स्वेटर आतच शोभतो.”