सासूबाईंची ओळ

"आज माझी ओळ संपव," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या शनिवारी टाळलंस."

इन-ग्योंगने त्यांना कुशीवर वळवलं, पाठीला उशी लावली आणि बुटक्या टेबलाशी येऊन बसली. पाठीशी बांधलेली सात महिन्यांची सो-दाम झोपेत तोंड हलवत होती. टेबलावर उद्याच्या उपासनेच्या गीताची दोन पानं होती. दर शनिवारी एक नवं गीत, असं दीड वर्ष चाललं होतं. पेज ढवळताना, चादरी पिळताना, मुलीला थोपटताना जे सुचेल ते. बेटावरच्या चर्चचा क्वायर म्हणजे दहा-बारा गळे. ती प्रत्येक गळ्याच्या मापाने वेगळी ओळ लिहायची आणि ओळीच्या सुरुवातीला पेन्सिलीने ज्याचं त्याचं नाव.

तीन महिन्यांपूर्वी योम आजोबांना धाप लागते म्हणून तिने त्यांची ओळ पहिल्या पानावरच थांबवली. शनिवारी तालमीत सगळ्यांनी गायलं. गुरुवारी आजोबा गेले. पुढच्या आठवड्यात प्योन काकूंना खोकला होता. त्यांनाही दुसऱ्या पानावर काही ठेवलं नाही. शनिवारी तालीम झाली. गुरुवारी काकू गेल्या.

याचा ओळींशी काही संबंध असेल, हे चर्चमध्ये कुणाच्या मनातही आलं नाही. सासूबाईंच्या आलं. तीस वर्षं आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गायलेल्या त्या. अंथरुणात पडल्या पडल्या प्रत्येक पान तपासायच्या.

तेव्हापासून इन-ग्योंग सगळ्यांच्या ओळी शेवटपर्यंत नेत होती. सासूबाईंचीसुद्धा. थंडीपासून त्या चर्चला गेल्या नव्हत्या आणि त्यांची ओळ कुणी गातही नव्हतं, तरी.

"आई, असं नका ना बोलू."

"मग काय बोलू? समुद्री शेवाळाचं सूप छान झालंय म्हणू? दोन घोट पोटात राहत नाहीत. रात्रभर कण्हते, तू ऐकतेस, पोरगी ऐकते. किती दिवस ऐकणार?"

"मी कोण हे ठरवणारी? देवाच्या मनात असेल तेव्हा..."

"देवाला मध्ये आणू नकोस. पेन्सिल तुझ्या हातात आहे."

इन-ग्योंगने पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. 'बोंग-रे' या सासूबाईंच्या नावापुढची ओळ पहिल्या पानाच्या शेवटी एका लांब स्वरावर आणून थांबवली. दुसऱ्या पानावर त्या ओळीचं जे लिहून ठेवलं होतं ते खोडलं. रबराचा भुगा फुंकला. पान सासूबाईंसमोर धरलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "गोड उतरलीय," म्हणाल्या. "आता पेज बघ. एवढं सुंदर लिहितेस आणि पेज मात्र दर वेळी करपवतेस."

तीन वाजता क्वायरचे प्रमुख गुक सर दारात आले. बूट न काढताच त्यांनी पानं घेतली. "नवरा बोटीवरच का अजून? मंगळवारी येईल? बरं, बरं," म्हणत पायऱ्या उतरलेसुद्धा.

साडेचारला फोन वाजला. ती स्वयंपाकघरात होती.

"इन-ग्योंग, रागावू नकोस हं," गुक सर हसत होते. "सगळ्यांना लिहून देतेस आणि स्वतःला कधी एक ओळ देत नाहीस. म्हटलं, तुझ्या सासूबाईंची ओळ वाया का घालवायची? त्यांचं नाव खोडलं, तुझं घातलं. उद्या तू गायचीस. माझी बहीण येऊन बसेल घरी. तासभर मोकळी हवा खा, अगं."

"सर, थांबा. गाऊ नका. ते नाव..."

"लाजतेस काय! तालमीपुरतं तुझ्या जागी माझी बायको गाईल. ऐक."

फोन पियानोवर ठेवल्याचा आवाज आला. ती "सर, सर" म्हणत राहिली. तिकडे गाणं सुरू झालं होतं.

आधी पुरुषांचे खर्जातले गळे, मग बाकीचे. त्यांच्यामधून एक ओळ खालच्या अंगाने चालत होती. इन-ग्योंगने ती स्वतःच्या गळ्यासाठी लिहिली नव्हती, पण तिच्या गळ्यात ती नीट बसत होती. लांब स्वर आला. पुरता घेतला गेला. मग सगळ्यांचे कागद एकदम उलटले.

पुढचं पान बाकीच्यांनी गायलं.

गाणं संपल्यावर तिने फोन ठेवला. गॅस बंद केला.

"तालीम का?" आतून सासूबाईंनी विचारलं. त्यांना भिंतीपलीकडून नुसते सूर ऐकू आले होते. "माझी ओळ संपली ना?"

"संपली, आई."

इन-ग्योंग त्यांच्या अंथरुणाशी बसली. छातीवर बांधलेल्या कापडाची गाठ तिने सोडली, झोपलेल्या सो-दामला पाठीवरून उतरवलं आणि सासूबाईंच्या कुशीत ठेवून त्यांचा सुकलेला हात उचलून तिच्याभोवती घातला.

"अगं, हे काय? मला कुठं पेलवते ही?"

"पेलवेल," ती म्हणाली. "सवय करा."