कोठडीचं दार

चौकीच्या नव्या इमारतीचा निधी आज ठरणार, म्हणून हवालदारांचा पाय सकाळपासून जमिनीवर ठरत नव्हता. गळकं छत, खचलेली भिंत, सगळं त्यांनी नगराध्यक्षा बाईंना अगदी हौसेनं दाखवलं. "आणि या कोठडीचं दार तर बिजागरीतून निखळलंय, मॅडम!"

बाईंनी कडी धरून ते पत्र्याचं दार जोर लावून हलवून पाहिलं. दार जागचं हललं नाही.

"चांगलं भक्कम आहे की! तिकडे शाळेत एकेका बाकावर पाच-पाच पोरं बसतात. पैसे शाळेलाच."

हवालदारांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात आतून पाकीटमाराचा दमलेला आवाज आला, "साहेब, चहाला जाताना दार धरून ठेव म्हणालात. आता सोडू का?"

हवालदार आनंदानं ओरडले, "मॅडम, जरा बाजूला व्हा. सोड रे!"