यंत्राला कळलेलं रक्त

धडगावच्या दवाखान्यात तापाने फणफणलेल्या बिजलीला इंजेक्शन द्यायला डॉक्टर वाकले, तोच उशाशी ठेवलेलं यंत्र पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत म्हणालं, “थांबा. हे औषध हिच्या रक्ताला सोसणार नाही. दुसरं द्या.”

बिजलीची आई रायलीबाईने डॉक्टरांच्या हातातली सुई बाजूला सारली. तिचा थोरला मुलगा याच औषधाने गेला होता. तेव्हाचं यंत्र शहरी माणसांच्या जनुकांवरच शिकलेलं. त्याने औषध बिनधोक ठरवलं होतं. त्यानंतर रायलीबाई पाड्यापाड्यांवर फिरली. “आपली लाळ दिल्याशिवाय यंत्राला आपण कळणार कसे?” असं विचारत तिने यंत्राला शिकवण्यासाठी घराघरांतून नमुने मिळवले. लोकांनी आधी तिला वेड्यात काढलं, मग एकेकाने लाळ द्यायला तोंड उघडलं.

दुसऱ्या औषधाने संध्याकाळपर्यंत बिजलीचा ताप उतरला. उठून बसल्याबरोबर तिने भाकरी मागितली.

डॉक्टर म्हणाले, “रायलीबाई, तुमच्या नमुन्यांमुळे अशाच यंत्राने आज ओडिशातल्या एका बाळालाही वाचवलं. त्याचं रक्त अगदी बिजलीसारखंच निघालं.”

“कोणाचं बाळ?”

“ते नाही ठाऊक.”

“रक्त सारखं, म्हणजे नात्यातलंच की,” रायलीबाई म्हणाली, आणि भाकरी कुस्करू लागली.