एक्कावन्न किलोंचा फरक

चार चाकांखालच्या चार काट्यांची बेरीज पाचशे वीस किलो आली. गाडी बनवणाऱ्याच्या वहीतली शेवटची नोंद पाचशे एकाहत्तरची होती.

परीक्षकाने काटे तपासले आणि पुन्हा वजन केले. पाचशे वीसच.

"बाबांची चूक? आणि एक्कावन्न किलोंची?" कार्यशाळेच्या दारातून मुलगी म्हणाली. "अहो, ग्रॅम वाचावेत म्हणून त्यांनी स्क्रूंची डोकीसुद्धा तासली होती."

वडील जाऊन चार महिने झाले होते. गाडी एक संग्राहक घेणार होता, पण अहवाल निर्दोष असला तरच. संध्याकाळपर्यंत ती दाराबाहेर जावी, एवढेच मुलीला हवे होते.

"अकरा वर्षं माझ्यापेक्षा हिच्याशी जास्त बोलले. मी हात लावायला गेले की म्हणायचे, थांब, अजून तयार नाही."

"तुम्ही कधीच बसला नाहीत हिच्यात?"

"मला उभं करायचे ते काट्यावर. दर वाढदिवसाला, न चुकता. लोकांचे वडील भेटवस्तू आणतात, आमचे वजन घ्यायचे."

परीक्षक गाडीत बसला, म्हणजे कसाबसा मावला. सीट थेट पत्र्याला बोल्टने आवळलेली होती. मागेपुढे सरकवण्याची सोयच नव्हती. त्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकले.

"बाबा तर तुमच्याहूनही उंच," ती म्हणाली. "उतरले की गुडघे चोळत बसायचे."

वजन वाचवायचे म्हणजे असे हाल आलेच. परीक्षकाने 'सरकती पट्टी नाही' अशी नोंद केली आणि गाडी रस्त्यावर घेतली.

विशेषणांच्या बाबतीत तो काटकसरी माणूस होता. पहिल्या वळणावर त्याने एक खर्च केले, दुसऱ्यावर दोन. स्टिअरिंग फिरवण्याचा विचार मनात यावा आणि नाक वळलेले असावे, इतकी ती तत्पर होती. उखडलेल्या डांबरातला प्रत्येक खडा तिने त्याच्या तळव्यांना कळवला, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. शेजारून गेलेल्या ट्रकच्या चाकाचे नट त्याच्या डोळ्यांच्या उंचीला होते. ब्रेकला अंगठ्याचा दाब पुरत होता. चाळीसच्या वेगात ऐंशीचा आनंद होता आणि दंडाची भीती नव्हती. सिग्नलला थांबल्यावर आपण हसत आहोत, हे त्याला शेजारच्या स्कूटरवाल्याच्या चेहऱ्यावरून कळले.

सरळ रस्त्यावर मात्र ती उजवीकडे ओढत होती.

पाणी वाहून जावे म्हणून रस्ता डावीकडे उतरता होता. म्हणजे दोष रस्त्याचा नव्हता. त्याने थांबून हवा मोजली. चारही चाकांत नेमकी. कार्यशाळेत परतून चाकांचे कोन मोजले. बिनचूक.

"दोष लिहावा लागेल," तो नाइलाजाने म्हणाला. "इतकी सुंदर गाडी मी चालवलेली नाही. पण ओढते."

मुलीचा चेहरा उतरला. "बाबाही गल्लीच्या टोकाहून परत फिरायचे. म्हणायचे, माझ्या हातून ही सरळ चालायची नाही."

"एकदा तुम्ही चालवा. मी बाहेरून चाकं बघतो."

"मी? नको हो."

"गाडी चालवता येते ना?"

"येते की. बाबांनी दुसऱ्याच्या गाडीवर शिकवली."

ती बसली. पट्टा आवळला. "सीट कुठून सरक..." म्हणता म्हणता थांबली आणि पेडल दाबून निघून गेली. परीक्षक गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाहत होता. गाडी दोरी लावल्यासारखी लांबवर गेली आणि तशीच परत आली.

"ओढत नाही!" विस्कटलेल्या केसांनिशी ती म्हणाली. "हात सैल सोडून पाहिले."

"पुन्हा जा."

ती लगेच गेली. यावेळी जरा लांबून आली. "अजिबात नाही. आणि कसली पळते हो ही!"

मग परीक्षकाने चालवली. गाडी उजवीकडे ओढली.

रस्ता तोच, हवा तीच. बदलली होती एकच गोष्ट. त्याने वही उघडली. चारही चाकांवरचा भार समतोल करण्याच्या, म्हणजे जुळवणीच्या, अकरा नोंदी, वर्षाला एक. पाचशे पासष्ट, पाचशे अडुसष्ट, पाचशे सत्तर. गाडीत काहीच वाढलेले नव्हते, बेरीज मात्र हळूहळू वाढत गेली होती. तारीख दर वर्षी तीच. त्याने वही तिच्याकडे फिरवली.

"ही तारीख कसली?"

"माझा वाढदिवस."

कोपऱ्यातल्या मोठ्या काट्यावरचे कापड त्याने बाजूला केले. "जरा उभ्या राहता?"

"तुम्हीसुद्धा?" ती हसली, आणि सवयीने आधी चपला काढल्या.

काटा एक्कावन्नवर स्थिरावला.

परीक्षकाने अहवालातल्या 'दोष' या शब्दावर रेघ मारली आणि खाली कारण लिहिले: गाडीची जुळवणी दर वर्षी चालकाच्या जागी मुलीचे वजन धरून केलेली आहे.