डाव्या पायाचं माप

घरी परतून चार दिवस झाले, तरी लढाईत गेलेल्या माझ्या डाव्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. पाचव्या दिवशी बाबांनी शिलाईच्या दुकानात बोलावलं. "जुन्या पँटी ढगळ झाल्यात. नवी शिवतो." कुबड्या भिंतीला लावून मी टेबल धरून उभा राहिलो. बाबा आकडे सांगत होते, आई वहीत लिहीत होती. कंबर झाली, सीट झाली. बाबा गिऱ्हाइकाचा एकच पाय मोजतात, कायम डावा. सवयीने त्यांनी टेप डावीकडून खाली सोडली आणि म्हणाले, "पाय सरळ ठेव." आईची पेन्सिल थांबली. "ठेवलाय," मी म्हणालो. मला काहीच वाटलं नाही. बाबांनी टेपचं पितळी टोक जमिनीला टेकवलं, टाच असायची तिथे. "एकोणचाळीस." "बाबा, उजवा मोजा ना." "लिही गं, एकोणचाळीस!" आईने लिहिलं. तरी बाबांनी टोक सोडलं नाही.