पावडरीचा गुण

जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कामगाराच्या रक्तात शिसं सापडलं, आणि त्याच्या पाच वर्षांच्या लेकीच्याही. मेहुण्यानं लगेच कसल्याशा नैसर्गिक खनिजाच्या पावडरीचा डबा आणून दिला. अंगातलं शिसं ओढून काढते म्हणे. डब्यावर छापलं होतं: फक्त मोठ्यांसाठी, कामावरून आल्यावर आंघोळ करून लगेच एक चमचा. बायकोनं एकही दिवस चुकू दिला नाही. नवरा दारात दिसला की त्याला तसाच बाथरूममध्ये पिटाळायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी नवे रिपोर्ट पाहिले. कामगाराचं शिसं होतं तेवढंच होतं. लेकीचं मात्र निम्म्यावर आलं होतं.

“आला की नाही गुण?” सोबत आलेला मेहुणा पावडरीचा डबा टेबलावर ठेवत म्हणाला.

“अरे, हिला कुठे दिली पावडर?” बायको म्हणाली. “ती मोठ्यांची.”

डॉक्टरीणबाई लेकीकडे वळल्या. “मग घरात नवीन काय झालं गं?”

लेकीनं जरा विचार केला. “बाबा आता आल्या आल्या मला कडेवर घेत नाहीत. आधी आंघोळ करतात.”

डॉक्टरीणबाईंनी डबा मेहुण्याकडे सरकवला आणि कामगाराला म्हणाल्या, “पावडर सोडलीत तरी चालेल. आंघोळ सोडू नका.”